पांढरीच्या डॅशबोर्डवरची दोन भोकं

पांढरीच्या डॅशबोर्डवर, काट्यांच्या डाव्या अंगाला, दोन भोकं आहेत. दुकानात आलेलं गिऱ्हाईक गाडीत डोकावतं आणि हमखास विचारतं, "ताई, इथं काय होतं?" मी सांगते, "काही नव्हतं." त्यांना ते खोटं वाटतं, पण शंभर टक्के खरं आहे. तिथं काही नव्हतं. होणार होतं. ते होऊ न देणाऱ्या माणसावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि आता काढणार तरी कुणावर? यासीनमामा गेल्या पावसाळ्यात मिरजेला, लेकीच्या घरी, झोपेतच गेले. जाताना कुणाला जरासुद्धा त्रास दिला नाही म्हणे. बरोबर आहे. सगळा त्रास मला देऊन झाला होता ना!

माझं लोणावळ्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मामा मागच्या गल्लीत राहायचे. नात्याने मामा नव्हेत, पण माझे वडील त्यांना भाऊ म्हणायचे, त्यामुळे आमच्या घरात ते जन्मापासून मामाच. रेल्वेत ड्रायव्हर होते. त्यांची ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हे यासीनभाई, रेल्वेचे ड्रायव्हर." की मामा लगेच बोट वर करून दुरुस्ती करायचे, "बँकरचे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्जतहून लोणावळ्याला येताना बोरघाट लागतो. एकट्या इंजिनाला तो चढवत नाही. म्हणून गाडीच्या शेपटीला आणखी इंजिनं लावतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. या मागच्यांना बँकर म्हणतात. लोणावळ्याला आलं की कपलिंग सोडतात, गाडी पुण्याकडे निघून जाते आणि बँकर रिकामा परत खाली कर्जतला, पुढच्या गाडीसाठी. मामांनी अख्खी नोकरी हे केलं. खालून वर ढकलायचं, सोडायचं, परत जायचं.

उंच, काटकुळे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मिशी पांढरी, पण कातरलेली अशी की पट्टी लावून बघावी. हातात कायम एक काळी पत्र्याची पेटी. रेल्वेत ड्रायव्हरला सामानाला अशी पेटी असते. निवृत्त झाल्यावर लोक पेटी माळ्यावर टाकतात. मामा कोथिंबीर आणायला गेले तरी पेटी घेऊन जायचे. तिच्यात लाल-हिरवा झेंडा, पाना, तार, साबणाची वडी, चहाचा पेला आणि एक टॉवेल. "मामा, कोथिंबीर आणायला झेंडा कशाला?" तर म्हणायचे, "लागला तर?"

त्यांच्याबरोबर गाडीत बसणं म्हणजे शिक्षा. इंजिनात ड्रायव्हर सिग्नल दिसला की मोठ्याने पुकारतो आणि शेजारच्या असिस्टंटने तो परत पुकारायचा असतो. दोघांनी बघितलं याची ती खूण. मामांनी ती सवय रस्त्यावर आणली. सिग्नल तर सोडाच, ते सगळंच पुकारायचे. "डावीकडे म्हैस, सावध!" की मी म्हणायचं, "डावीकडे म्हैस, सावध." "पुढं स्पीडब्रेकर!" "पुढं स्पीडब्रेकर." मी नाही म्हटलं तर हे महाशय क्लचवर पाय ठेवून थांबून राहायचे. मागं हॉर्नचा कल्लोळ. मी दात-ओठ खात म्हणायची, "दिसली हो मला ती म्हैस!" तर शांतपणे, "दिसली ते ठीक. पुकार."

आणखी एक. रेल्वेच्या इंजिनाला दोन्ही टोकांना केबिन असते. इंजिन वळवायला नको. काम झालं की ड्रायव्हर चावी काढतो, पेटी उचलतो आणि दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. मागचं ते पुढचं होतं. मामा माझ्या दुकानासमोर गाडी लावायचे, चावी काढायचे, पेटी घेऊन उतरायचे, आणि दुकानात येण्याऐवजी सरळ डिकीपाशी जाऊन उभे राहायचे. क्षणभर तिथं थबकून मग वळायचे. मी एकदा विचारलं, "डिकीत काही राहिलं का?" जरा शरमले. म्हणाले, "नाही गं. पाय जातात."

तेव्हा मला हसू आलं होतं. हसण्यासारखंच होतं ते तेव्हा.

आता पांढरी. तुंगार्लीत एका बंगल्याच्या मागं एक जुनी छोटी गाडी बरीच वर्षं उभी होती. तिच्यात माळ्याच्या कोंबड्या राहायच्या. मालक शनिवार-रविवारी येणारा, त्याला ती जागा झोपाळ्यासाठी हवी होती. मामांनी ती जवळजवळ फुकटात उचलली आणि ढकलत ढकलत माझ्या दारात आणून उभी केली. एके काळी पांढरी असावी, म्हणून नाव पांढरी, गाई-बैलांची ठेवतात तसं. मागच्या सीटखाली अंडं निघालं. मामा म्हणाले, "बघ, अजून फळ देतीय."

"कशाला आणलंत हे धूड?"

"शर्यतीला."

मी कपाळाला हात लावला.

नवलाख उंबरे गावाच्या पुढं, कारखान्यांच्या मागं, एक उजाड माळ आहे. तिथं काही हौशी मंडळी जुन्या गाड्यांची शर्यत भरवायची. यात वेगाचं कौतुक कमी. अट एकच, गाडी जुनी हवी आणि स्वस्त हवी, चांगल्या मोबाइलपेक्षा स्वस्त. सकाळी सुरू करायचं आणि सहा तास मातीच्या रिंगणात फिरत राहायचं. ड्रायव्हर बदलता येतो, गाडी नाही. निम्म्या गाड्या पहिल्या दोन तासांत राम म्हणायच्या. शेवटी घंटा व्हायची. घंटेनंतर चालू फेरी पुरी करून जी गाडी स्वतःच्या इंजिनावर रेघ ओलांडेल, तिला पत्र्याची एक पाटी मिळायची, डॅशबोर्डवर ठोकायला. त्यावर एकच शब्द: 'पूर्ण'.

आमच्या चमूत तिघं. मामा, मी आणि बबन. बबन लोहगडवाडीचा. त्याची आई गडाच्या पायथ्याला ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी विकते, आणि हा मळवलीला गॅरेज चालवतो. हात सोन्याचा, पण तोंडाने निराशावादी. पांढरीचं बॉनेट उघडलं की आधी म्हणायचा, "ताई, ही काय जगत न्हाई." मग दुपारपर्यंत तिला जगवायचा.

पहिल्या शर्यतीला मामांना त्या पाटीचं एवढं वेड का, हे मला ठाऊक नव्हतं. बबनलाही नव्हतं. आम्हाला वाटलं, म्हातारपणीची हौस. मी पहिले दोन तास चालवली, पांढरी खोकत-खोकत का होईना, चालली. मग मामा बसले. त्या रिंगणात एक चढ आहे, चढाच्या माथ्यावर जरा सपाटी, सपाटीवरच ती रेघ, आणि पुढं मोठा उतार. मामा रेघ ओलांडून उताराच्या तोंडाशी आले आणि थांबले. चक्क थांबले. ब्रेक दाबून बघितला, सोडला, परत दाबला, आणि मग हळूच खाली निघाले. मला वाटलं, काही बिघडलं. पुढच्या फेरीला तेच. तिच्या पुढच्या फेरीलाही तेच. मागच्या गाड्या सारख्या हॉर्न वाजवतायत, लोक कुंपणावर चढून हसतायत.

मी कुंपणापाशी धावत गेले आणि ओरडले, "मामा, का थांबताय?"

काच खाली करून म्हणाले, "घाट उतरताना ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, विजू. नियम आहे."

"हा घाट नाही हो! हा माळ आहे! शर्यत आहे!"

"उतार तो उतार," म्हणाले आणि काच वर.

बबन शेजारी उभा. म्हणाला, "ताई, क्लच जातोय बगा. दर येळी थांबायचं न् उचलायचं, कसा टिकंल?" क्लच दुपारी गेला. पांढरी दोरीने ओढून आणली. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. म्हणजे मी बोलले नाही. मामा सगळ्या रस्ताभर म्हशी पुकारत होते.

दुसऱ्या वर्षी मी आधीच दम भरला. "उतारावर थांबलात तर मी माझ्या हाताने या गाडीचं भंगार करीन." मामा म्हणाले, "नाही थांबणार." आणि खरंच नाही थांबले. शब्दाचे पक्के होते, पण आपण जेवढा शब्द मागितला तेवढ्यापुरतेच.

त्या वर्षी रेडिएटर गळत होता. नवा मिळेना, या गाडीचे भाग आता माझ्याही दुकानात नसतात. बबनने सांगितलं, "हळद टाका." जुना उपाय आहे, हळदीने बारीक भोक बुजतं. मामींच्या डब्यातली हळद टाकली. पांढरीच्या बॉनेटमधून पिवळी वाफ यायला लागली, फोडणीचा वास सगळ्या माळावर. तरी पाचवा तास उजाडला. मी देव पाण्यात घालून बसले होते. आणि तळेगावच्या डॉक्टरांची लाल गाडी चढाच्या पायथ्याशी चिखलात रुतली.

हे डॉक्टर दातांचे. हसरा माणूस, गाडीतलं काडीचं कळत नाही, पण दर वर्षी हजर. त्यांच्या बाजूने सगळ्या गाड्या वळसा घालून जात होत्या. रस्ता रिकामा होता. मामा आले, वेग कमी केला, लाल गाडीच्या मागं हळूच पांढरीचं नाक टेकवलं. धक्का नाही, नुसतं टेकवणं, बाळाच्या पाठीला हात लावावा तसं. आणि लागले ढकलायला. पांढरीचा जीव तो केवढा! इंजिन किंचाळतंय, पिवळ्या वाफेत गाडी दिसेना. लाल गाडी चढ चढून गेली. डॉक्टरांनी हात हलवला. आणि पांढरीचा रेडिएटर त्या नाक टेकवण्याने जो फुटला, तो हळदीच्याच काय, कुणाच्याच आवाक्यात राहिला नाही.

त्या दिवशी मी मामांना नाही नाही ते बोलले. "लोकांच्या गाड्या ढकलायला आलोय का आपण? स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं झालंय तुमचं!" ती म्हण तिथं लागू नव्हती, पण रागात कुठली म्हण तोंडाला येईल सांगता येत नाही. मामा पेटीवर बसून टॉवेलने हात पुसत होते. माझं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "झालं? आता ऐक."

आणि तेव्हा त्यांनी सांगितलं.

"माझी एकसुद्धा फेरी पुरती नाही, विजू. मुंबईहून गाडी निघते, पुण्याला जाते, सोलापूरला जाते, पार मद्रासला जाते. मी मधलाच एक तुकडा. माथ्यावर आणून सोडायची. गाडी जायची आणि मी बघत उभा. घरी पोरगी लहानपणी विचारायची, 'अब्बा, आज कुठं गेलात?' काय सांगणार? लोणावळा. रोज लोणावळा! एकदा, एकदा फक्त, सुरुवातीपासून शेवटापर्यंत काहीतरी न्यायचंय. शर्यत तर शर्यत. मेल्यावर कुणी म्हणायला नको की यासीनने सगळं अर्धंच केलं."

एवढं ऐकल्यावर माणूस भांडणार कसं? पण मग लगेच म्हटलं, "मग कशाला ढकललीत ती लाल गाडी?"

"ती चढावर उभी होती," मामा म्हणाले. जणू यापुढं सांगण्यासारखं काही नव्हतंच.

तिसऱ्या वर्षी बबनने डोकं चालवलं. रेडिएटर वाचावा म्हणून पांढरीच्या पुढं लोखंडी पाइपांची जाळी जोडून दिली, भक्कम. मला वाटलं, छान झालं. दुसऱ्या दिवशी बघते तर मामांनी त्या जाळीवर जुन्या टायरचे दोन गोल तुकडे बसवले होते आणि त्यांना काळा रंग दिला होता.

"हे काय?"

"बफर," मामा खुशीत म्हणाले. "आता टेकलं तरी कुणाला लागणार नाही."

मी बबनकडे बघितलं, बबनने आभाळाकडे. "आमी वाचवाय केलं न् मामांनी ढकलाय घेतलं," तो पुटपुटला. त्या वर्षी मामांनी एकूण किती गाड्या चढवल्या ते मी मोजलंच नाही. लोक त्यांची वाट बघत चढाखाली उभे राहायला लागले होते. पांढरीचं गॅस्केट उडालं, आणि शेवटी पाटी घेऊन गेलेल्यांत निदान दोन गाड्या आमच्या ढकललेल्या होत्या. त्यांच्या माणसांनी मामांना लाडू दिले. मामांनी ते मला आणून दिले. मी बबनला दिले. बबनने खाल्ले.

मग डोळ्याचं निघालं. उजव्या डोळ्याने मामांना मधोमध धूसर दिसायला लागलं. डॉक्टर, म्हणजे डोळ्यांचे, म्हणाले, हे थांबवता येईल, मागं फिरवता येणार नाही. गाडी चालवायची ती फार तर हे वर्षभर, तीही दिवसा, मोकळ्या जागी. मुलगी मिरजेला बोलवत होती. मामी तयार होत्या. मामा म्हणाले, एक शर्यत, मग कुठंही न्या.

त्या शर्यतीआधी आम्ही पांढरीवर जी मेहनत घेतली ती पोटच्या पोरावर घेतली नसती. एक भाग बसवावा तर त्याने दुसऱ्याचं बिंग फोडायचं. पंप बदलला तर पाइप फुटला, पाइप बदलला तर पट्टा सुटला. मी दुकान सोडून भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. बबन रोज म्हणायचा, "ताई, हिला आता देवाला सोडा." आणि रोज रात्रीच्या जेवणाला घरी न जाता तिच्याखाली झोपलेला असायचा. एक दिवस मी रडले. राग आला म्हणून रडले, एका नटासाठी. चुकीच्या आट्यांचा होता तो.

शर्यतीच्या सकाळी मामी डबा घेऊन दुकानात आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विजू, या वेळी पोहोचव गं त्यांना. रात्री झोपेत पुकारतात."

मी मामांना समोर बसवलं. "मामा, शब्द द्या. उतारावर थांबायचं नाही."

"नाही थांबणार."

"आणि कुणालाही, मेला तरी, ढकलायचं नाही."

इथं मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "घंटा होईपर्यंत नाही ढकलणार."

मला ते पुरेसं वाटलं. घंटा झाल्यावर उरते ती एकच फेरी, तेवढ्यात काय होतंय? मी ड्रिल मशीन घेतलं आणि पाटीच्या मापाने डॅशबोर्डला दोन भोकं पाडली. बबन म्हणाला, "ताई, आदीच नका पाडू. नजर लागती." मी म्हटलं, "गप रे."

त्या दिवशी पांढरी चालली. अहो, चालली म्हणजे काय, गायीसारखी शहाण्यासारखी चालली! मी माझा वाटा चालवला, मामांनी त्यांचा, परत मी, आणि शेवटची पाळी मामांची. चढाखाली दोनदा गाड्या अडकल्या. मामा त्यांच्या बाजूने वळसा घालून गेले. जाताना मान वळवून बघत गेले, पण गेले. मी कुंपणाला धरून उभी होते, हाताला गंज लागला होता. घंटा झाली.

त्या वर्षी एक नवा नियम आला होता. आदल्या वेळी बंद पडलेल्या गाडीपाशी उतरून खटपट करणाऱ्या एकाच्या अंगावर मागची गाडी जाता जाता वाचली होती. म्हणून, शेवटच्या फेरीत ड्रायव्हरचा पाय जमिनीला लागला की गाडी बाद. आम्हाला त्याची काळजी नव्हती. मामांना उतरायचं कारणच काय?

गाड्या एकामागून एक रेघ ओलांडत होत्या. माळावर शेवटच्या दोनच राहिल्या. पुढं डॉक्टरांची लाल, मागं आमची पांढरी. आणि चढाच्या मध्यावर लाल गाडी आचके देऊन बंद पडली.

"न्हाई," बबन म्हणाला. "न्हाई, न्हाई, मामा, न्हाई."

उजवीकडे हवी तेवढी जागा होती. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "मामा, उजवीकडून! उजवीकडून घ्या!" पण घंटा होऊन गेली होती ना. शब्द संपला होता. पांढरी हळू झाली. बफर लाल गाडीला टेकले. आणि मग तो आवाज सुरू झाला, इंजिनाचा, ताणलेला, एकसारखा. जराही न झुलता, न धक्का देता, मामा तिला वर घेऊन आले. खरं सांगते, रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती, तरी मला दिसत होतं की इतकं सुरेख ढकलताना मी आयुष्यात कुणाला बघितलं नव्हतं. माथ्यावर सपाटी लागली. लाल गाडीचं इंजिन सुरू झालं, ती खोकली, सुटली, आणि स्वतःच्या पायांनी रेघ ओलांडून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता पांढरीला फक्त ती सपाटी ओलांडायची होती. एका बाजेएवढं अंतर. इंजिन चालू होतं. मी बबनचा दंड धरला होता.

आणि मामा थांबले.

खिडकीतून हिरवा झेंडा बाहेर आला, लाल गाडीच्या दिशेने दोनदा हलला. मग इंजिन बंद झालं.

"चावी का काडली?" बबन म्हणाला. "ताई, चावी का काडली त्यांनी?"

मला कळलं. "मामा!" मी किंचाळले, "उतरू नका! पाय खाली ठेवू नका! मामा, लोणावळा नाही हे!"

दार उघडलं. आधी काळी पेटी बाहेर आली. मग मामांचा पाय.

ते उतरले, चावी मुठीत, पेटी हातात, आणि सरळ चालत पांढरीच्या मागं गेले. डिकीपाशी पोहोचले. तिथं केबिन नव्हती. तिथं कोंबड्यांनी टोचलेली एक जुनी डिकी होती. मामा तिच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी सावकाश मान वळवून रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या लांबूनही मला त्यांचा चेहरा दिसला. मला तो बघायचा नव्हता.

पंचाने वही मिटली. बिचारा तोही हळहळत होता, पण नियम नियम.

मी जवळ गेले तेव्हा मामा पेटीवर बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं, त्याआधी त्यांनीच विचारलं, "पोहोचली ना ती?"

"त्यांची पोहोचली!" मी ओरडले. "त्यांची पोहोचली हो मामा! आपली कुठंय बघा! बघा ना जरा!"

"मग झालं," ते म्हणाले. चावी माझ्या हातात दिली. जरा वेळाने, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, "मला कळलंच नाही गं. पाय गेले."

मी तिथंच मातीत बसले आणि रडले. बबनने आमच्या दोघांकडे पाठ केली आणि पांढरीचं बॉनेट उघडलं, काही एक गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी दाताचे डॉक्टर स्वतःची पाटी उचकटून घेऊन आले. "ही तुमची, यासीनभाई." मामांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, टॉवेलने पुसली आणि परत दिली. "तुमच्या गाडीची आहे. हिच्यावर खोटं कशाला लिहायचं?" डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, घ्यायला काय झालं होतं? मामा टॉवेलची घडी घालत राहिले. त्या माणसाशी भांडून कधी जिंकताच यायचं नाही.

महिन्याभरात मिरजेला जायचं ठरलं. सामान फार नव्हतं. मी आणि बबन स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी आली, मामींना आणि पिशव्यांना आत बसवलं. मामा खिडकीपाशी, पेटी मांडीवर, गळ्याचं बटण लावलेलं. बबन बाटलीत पाणी भरायला गेला. मी म्हटलं, "औषध वेळेवर टाका डोळ्यात."

मामांचं लक्ष नव्हतं. ते मागच्या बाजूचा कानोसा घेत होते. "बँकर सुटला का गं?"

मी वाकून बघितलं. लांब, शेवटच्या डब्याच्या मागं, इंजिनं गाडीपासून अलग होऊन उभी होती. "सुटला."

"हं." जरा थांबून त्यांनी पुढं बघितलं, डोळे बारीक करून, मान एकदा अशी आणि एकदा तशी करून. मग म्हणाले, "विजू, मला दिसत नाही. सिग्नल काय आहे?"

सिग्नल हिरवा झाला होता. मला स्वच्छ दिसत होता. आणि मला वाटलं, गप्प बसावं. मी पुकारलं नाही तर हा माणूस हलायचाच नाही, कधी हललाय? मागं हॉर्न वाजोत नाहीतर काहीही होवो. मी दाताखाली ओठ धरून उभी राहिले. मामा वाट बघत होते. माझ्यावर कधीच न चिडलेला तो माणूस, शांतपणे, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"सिग्नल हिरवा!" मी ओरडले. फलाटावरचे लोक वळून बघायला लागले.

"सिग्नल हिरवा," मामांनी आतून परत पुकारलं, आणि गाडी हलली.